चौमेर

यंदा दिवाळी आटोपल्यावर चार दिवस गावी थांबले होते, तेव्हा भाच्यानं वावराचा एक लांबलचक फोटो काढला आणि तो पाहून आईचा चेहरा उतरला. सांगायला गेलं तर एवढीच गोष्ट. पण महिना झाला, ती मनातून जात नाही. कापसाचा दुसरा वेचा चालू होता. दिवस कलला होता, बाया कमरेच्या ओट्या सोडून गाठोडी बांधत होत्या, आणि धुऱ्यापलीकडच्या, म्हणजे शेताच्या बांधापलीकडच्या, तुरीवर उतरतं ऊन असं पडलं होतं की पानं मागे सरून नुसती पिवळी फुलंच दिसावीत. सूर्य आमच्या पाठीशी होता. आमच्या सावल्या पऱ्हाटीवरून लांब होत होत धुऱ्यावरच्या गवतात शिरलेल्या. डावीकडे, पार उत्तरेला, गाविलगडाच्या डोंगराची निळी रेघ. भाचा बारा वर्षांचा आहे. त्यानं मोबाइल उभा धरला आणि श्वास रोखून, टाचेवर हळूहळू फिरत, पडद्यावरचा बाण रेषेवरून ढळू न देता त्या निळ्या रेघेपासून नाल्याकाठच्या बाभळींपर्यंत सगळं एका पट्टीत घेतलं. मग उड्या मारत आजीकडे गेला. आईनं पदरानं हात पुसले, चष्मा नाकावर चढवला, मोबाइल लांब धरला, जवळ धरला, आणि म्हणाली, "अन् हा धुरा आत कसा आला बाप्पा?"

भाचा हसला. "आजी, तो पॅनोरमा हाय. त्याच्यात असंच दिसते."

आईनं पुन्हा पाहिलं. मलाही दाखवलं. खरंच, आमच्या पूर्वेचा धुरा त्या पट्टीत दोन्ही टोकांना पलीकडे पळालेला होता आणि मधे पोट काढून आमच्या पऱ्हाटीत शिरला होता. समोर, दहा पावलांवर, तोच धुरा सुतासारखा सरळ होता. आईनं एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा धुऱ्याकडे. काही बोलली नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र अंधारातच तिनं विचारलं, "खरंच सरकला नाही ना तो?"

हा प्रश्न साधा नाही. मी नववीत होते त्या वर्षी नाल्याला मोठा पूर आला आणि आमचा पूर्वेचा धुरा जागोजागी वाहून गेला. पुढच्या हंगामात पलीकडच्या काकांचा वखर दोन तास, म्हणजे दोन ओळींइतका, आत आला. दोनच तास. पण बाबांना ते जेवताना दिसायचे, झोपेत दिसायचे. हद्दीचा गोटा गाळात गेला होता की कुणी काढला होता, हे शेवटपर्यंत कळलं नाही. मग अर्ज, मोजणीची फी, तारखा, पुन्हा अर्ज. एकदा मोजणीवाले आले तर वावरात गुडघाभर चिखल, एकदा चिखल नव्हता तर पलीकडचे हजर नाहीत. नऊ वर्षं हे चाललं. संक्रांतीला आई आणि पलीकडच्या काकू एकमेकींना वाण द्यायच्या, ते त्यातच बंद झालं. शेवटी हद्द कायम झाली तेव्हा फरक निघाला हात-दीड हाताचा, तोही एका टोकाला आमचा आणि दुसऱ्या टोकाला त्यांचा. बाबांनी त्या दिवशी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुतळी ओढली आणि महिनाभर एकट्यानं माती ओढून धुरा बांधला. गावातले लोक येऊन पाहायचे. इतका सरळ धुरा शिवारात दुसरा नव्हता. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. आईसाठी तो धुरा म्हणजे त्यांच्या हातची शेवटची मोठी वस्तू आहे, आणि तोच तिला नातवाच्या मोबाइलमध्ये वाकलेला दिसला.

दुसऱ्या दिवशी अंगणात शेंगा फोडत बसलो होतो तेव्हा भाच्यानं मला विचारलं, "आत्या, पॅनोरमाले मराठीत काय म्हणते?" मी शिकवते, त्यामुळे उत्तर तोंडावरच होतं. विहंगम दृश्य, मी म्हटलं. म्हणून झाल्यावर मलाच ते पटेना. विहंगम म्हणजे पक्षी, आकाशातून जाणारा. वरून पाहणाऱ्याचं ते पाहणं. आम्ही तर पऱ्हाटीत उभे होतो, कमरेला कपाशीची बोंडं लागत होती, पायात काळी भेगाळलेली जमीन. तिथून काय विहंगम? आई सूप पाखडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "चौमेर म्हणा ना. चौमेर दिसते म्हणत नाही का आपण?"

चौमेर. पुस्तकात चहूमेर. लहानपणापासून ऐकलेला शब्द, 'चौमेर पाणीच पाणी', 'चौमेर हिरवं झालं', आणि मी तो एकदाही उलगडून पाहिला नव्हता. त्या दिवशी शेंगेसारखा तो फुटला. चौ म्हणजे चार. मेर म्हणजे हद्द, शेताची कड. चार मेरा जिथवर जातात तिथवरचं सगळं. म्हणजे अफाट, मोकळं, नजर न पुरणारं असं काहीतरी सांगण्यासाठी आपल्या माणसांनी जो शब्द घडवला त्याच्या पोटात कुंपण आहे. शिवार तसंच. शिव म्हणजे गावाची सीमा, आणि तिच्या आत पसरलेलं ते सारं शिवार. आपण 'शिवार डोलतंय' म्हणतो तेव्हा डोळ्यापुढे अंत नसलेला हिरवा रंग येतो, पण शब्द मात्र सीमेवर पाय रोवून उभा असतो.

आणि मला एकदम आठवलं की हाच शब्द मी कागदावरही ऐकलाय. भावाच्या नावानं हक्कसोडपत्र करून द्यायला मी आणि माझी धाकटी बहीण तालुक्याला गेलो होतो. लिहिणाऱ्यानं कागद भराभर वाचून दाखवला. चतुःसीमा येणेप्रमाणे: पूर्वेस अमुक यांचे शेत, पश्चिमेस पांदण, दक्षिणेस नाला, उत्तरेस अमुक यांचे शेत. चतुःसीमा म्हणजे दुसरं काय, चौमेरच की. संस्कृतातून कचेरीत आली तर चतुःसीमा झाली, आईच्या तोंडी राहिली तर चौमेर. चारही बाजू वाचून झाल्या आणि मधे जे काही होतं ते हेक्टर आणि आर अशा एका आकड्यात उरकलं. निंब त्यात नव्हता, विहिरीच्या काठावरची केवड्यासारखी वासाची ती गवताची जुडी नव्हती, मी सापाला घाबरून जिथून पळाले होते ती जागा नव्हती. मी सही केली. मनापासून केली, कारण भाऊच राबतो. तरी बाहेर आल्यावर तिथल्या नळावर पाणी प्यायले तेव्हा घशाखाली उतरेना. त्या दिवसापासून माझ्याच गावच्या वावरात मी पाहुणी म्हणून उभी राहते आणि चौमेर पाहते.

शब्दांच्या मागे लागायची मला सवय आहे. परत घरी आल्यावर मी पॅनोरमाच्याही मागे लागले. तो ग्रीक तुकड्यांचा आहे. पॅन म्हणजे सगळं, होरामा म्हणजे जे दिसतं ते. सगळं दिसणं. पण प्राचीन ग्रीसमध्ये हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. तो घडवला गेला अठराव्या शतकाच्या शेवटी, आणि तोही एका चित्रकाराच्या धंद्यासाठी. रॉबर्ट बार्कर हा आयर्लंडमध्ये जन्मलेला चित्रकार एडिनबरात राहायचा. शहराला लागून असलेल्या कॅल्टन टेकडीवरून चारही बाजूंचं जे दिसतं ते सगळं एकाच गोल चित्रात आणायचं त्याच्या मनात आलं. टेकडीवर उभं राहून रेखाटनं करण्याचं काम त्यानं आपल्या मुलाकडून, हेन्रीकडून करून घेतलं. हेन्री तेव्हा बारा वर्षांचा होता. हे वाचलं तेव्हा मला टाचेवर फिरणारा भाचा दिसला. १७८७ साली बार्करनं या युक्तीचं पेटंट घेतलं, पण तेव्हा तिला पॅनोरमा हे नाव नव्हतं. त्यानं एक फ्रेंच नाव दिलं होतं, अर्थ साधारण 'एका नजरेत निसर्ग' असा. नाव लोकांच्या जिभेवर बसलं नसणार. लंडनला बस्तान हलवल्यावर चार वर्षांच्या आत पॅनोरमा हा शब्द आला आणि तो जगभर गेला. १७९३ साली लंडनच्या लेस्टर चौकात त्यानं खास या चित्रांसाठी गोल इमारत उघडली. माणसं पैसे भरून आत शिरायची, अंधाऱ्या बोळातून जिना चढून मधल्या ओट्यावर यायची, आणि एकदम चहूबाजूंनी समुद्र, जहाजं, आभाळ. पहिलं चित्र आरमाराचं होतं आणि ते पाहताना इंग्लंडच्या राणीला बोट लागल्यासारखं मळमळलं, असं सांगतात.

त्या इमारतीची एक गोष्ट मला फार विचारात पाडते. चित्राची वरची कड दिसू नये म्हणून ओट्यावर छत होतं. खालची कड दिसू नये म्हणून ओट्याचा कठडाच आडवा यायचा. उजेड फक्त वरून, तोही कुठून येतो ते कळू न देता. बार्करनं पेटंटमध्येच हे लिहून ठेवलं होतं, कारण त्याला पक्कं ठाऊक होतं की माणसाच्या नजरेला कड सापडली की 'सगळं' राहत नाही, कापडाचा तुकडा राहतो. म्हणजे सगळं दाखवण्याची पहिली अट हद्द लपवणं. आणि आमच्या बाबांचं अर्धं आयुष्य हद्द दिसावी म्हणून गेलं.

वाकलेल्या धुऱ्याचं उत्तरही मला तिथेच मिळालं. सपाट कापडावर सरळ रेघ सरळच काढतात. पण कापड गोल भिंतीला लावायचं असेल तर सरळ रेघ वाकडी काढावी लागते, तेव्हा कुठे ती मधल्या ओट्यावरून सरळ दिसते. हे बार्करला जमलं होतं, आणि त्याची खरी करामत ही होती. मोबाइलही तेच करतो. आपण फिरतो तसा तो चित्राचे पट्टे घेतो, एकाला एक शिवतो, आणि जणू आपल्याभोवती उभ्या केलेल्या गोल भिंतीवर ते चिकटवतो. चिकटवलेलं तिथेच राहिलं तर सगळं बरोबर. पण तो ती भिंत सोडवून पडद्यावर सपाट पसरतो. धुऱ्याचा मधला भाग आपल्याला सगळ्यात जवळ, म्हणून खाली उतरतो. टोकं लांब, म्हणून वर क्षितिजाकडे चढतात. त्या दोन्हींमधली सरळ रेघ पोट काढते. कुणी दोन तास आत आलेलं नसतं.

वाचता वाचता मी पार आमच्याच शिवारात परत येऊन पोचले, आणि ते मला अपेक्षित नव्हतं. बार्करचा तो बारा वर्षांचा मुलगा मोठा होऊन बापाचा धंदा चालवू लागला, आणि त्याचं सगळ्यात गाजलेलं गोल चित्र होतं वॉटर्लूच्या लढाईचं. लढाई १८१५ ची, चित्र १८१६ साली लोकांपुढे आलं. ती लढाई जिंकणारा सेनापती आर्थर वेलस्ली त्याच्या बारा वर्षं आधी आमच्याकडे आला होता. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावची लढाई झाली, आमच्या घरापासून सायकलनं जाता येईल इतकं ते गाव जवळ आहे. लढाईच्या दुपारी वेलस्ली वाटेवरच्या एका गावच्या बुरुजावर चढला आणि तिथून त्याला लांबवर नागपूरकर भोसल्यांच्या फौजेची गर्दी दिसली, असं त्यानंच आपल्या अहवालात लिहिलंय. मग १५ डिसेंबरला गाविलगड पडला, दोन दिवसांनी देवगावला तह झाला, आणि वर्धा नदी ही मेर ठरली. तिच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. नोव्हेंबर-डिसेंबर. तूर फुलात असते, कापूस फुटलेला असतो. त्या बुरुजावरून त्याला नुसती फौज दिसली नसेल, कुणाचा तरी उभा हंगामही दिसला असेल. त्या हंगामातल्या कुठल्या धुऱ्यावरून तोफा गेल्या, याची नोंद कुणी केली नाही. उंचावरून चौफेर पाहणाऱ्यानं नदीची मेर केली, आणि खाली ज्याच्या वावराची मेर मोडली त्यानं ती पुन्हा मातीनं बांधली असेल, सुतळी ओढून.

चिखलदऱ्याला आम्ही शाळेच्या सहलीला गेलो होतो. देवी पॉइंट, मोझरी पॉइंट, पंचबोल. बाई म्हणाल्या, पाहा मुलींनो, किती विहंगम. मी त्या सगळ्या निळ्या-करड्या पसाऱ्यात आमचं वावर शोधत होते. ते सापडणार नाही हे कळायचं वय नव्हतं माझं. इतर मुली खूश होत्या, आणि मला रडू येत होतं. इतकं सगळं दिसतंय आणि जे पाहायचं तेच दिसत नाही.

बाबांचं चौमेर पाहणं वेगळं होतं. तूर शेंगेत आली की रोही आणि रानडुकरं यायची, तेव्हा जागलीला ते मचाणावर झोपायचे. सुट्टी असली की मलाही न्यायचे. चार बल्ल्या, वर पऱ्हाट्यांचं आणि कडब्याचं छप्पर, शिडीला पाच पावंडे. जमिनीवर उभं राहिलं तर माझ्या उंचीच्या माणसाला सपाट मुलुखात साडेचार किलोमीटरच्या आतबाहेर क्षितिज लागतं. दोन मीटर वर चढलं की ते जवळजवळ सात किलोमीटरवर जातं, हे गणित मी पुढे कॉलेजात शिकले. तेव्हा एवढंच कळायचं की पाच पावंडे चढले की आणखी दोन गावांचे दिवे दिसतात. बाबा ते दिवे नावानिशी ओळखायचे. हा मामाच्या गावचा, हा गिरणीचा, हा एकटा लांबचा म्हणजे कुणीतरी ओलिताला गेलंय. थंडी अशी की कांबळ्याच्या आतही नाक गार. मधूनच ते पत्र्याचा डबा वाजवायचे आणि पलीकडच्या मचाणावरून काका त्यांचा डबा वाजवायचे. ही धुऱ्याच्या भांडणाआधीची गोष्ट. भांडणानंतरही दोन्ही मचाणांवरून डबे वाजतच राहिले, बोलणं तेवढं बंद झालं. रोह्यांना कुठे माहीत कोणतं वावर कुणाचं. आमच्या जोडीतल्या म्हाताऱ्या बैलाबद्दल बाबा सांगायचे, त्याच्या मागून कधी जाऊ नको, त्याला मागचंच तेवढं दिसत नाही. बैलाचे डोळे दोन बाजूंना असतात, वर्तुळाच्या ३६० अंशांतले जवळजवळ ३३० अंश त्याला मान न हलवता दिसतात. जे उरतं ते बरोबर पाठीमागचं. एवढा चौमेर डोळा असलेल्या जनावरालाही पाठ आहेच.

क्षितिज हा शब्दही मी त्या दिवसांत पुन्हा उघडून पाहिला. क्षिती म्हणजे भूमी, तिच्यापासून जन्मलेलं ते क्षितिज. संस्कृत कोशात या एका शब्दाचे अर्थ वाचताना मी थांबलेच. क्षितिज म्हणजे झाड, क्षितिज म्हणजे मंगळ, क्षितिज म्हणजे गांडूळ, आणि क्षितिज म्हणजे आभाळ टेकतं ती रेघ. गांडूळ आणि आभाळाची कड एकाच शब्दात. ज्यांनी वखरामागे चालताना ओल्या ढेकळातून निघणारं गांडूळ पाहिलंय त्यांना यात नवल वाटणार नाही. दोन्ही मातीचीच लेकरं. तिकडे ग्रीकांचा होरायझन वेगळ्या घरचा आहे. होरोस म्हणजे हद्द, हद्दीचा दगड. त्यावरून नजरेला हद्द घालणारं वर्तुळ ते होरायझन. होरामा आणि होरोस कानाला सख्खे भाऊ वाटतात, पण त्यांचं नातं नाही, एक पाहण्याचा आणि एक अडवण्याचा. अथेन्समध्ये जुन्या बाजारचौकाचे हद्दीचे दगड सापडलेत, अडीच हजार वर्षांपूर्वीचे, त्या चौकाला ते आगोरा म्हणायचे. त्या दगडांवर कोरलंय: मी आगोराची हद्द आहे. दगड स्वतः बोलतो, मी आहे म्हणतो. आमचा गोटा असा बोलला असता तर. गाळातून नुसता 'मी इथे आहे' एवढं म्हणाला असता तर नऊ वर्षं वाचली असती, दोन घरांतली वाणं चालू राहिली असती.

गेल्या आठवड्यात दोन दिवसांसाठी पुन्हा गावी गेले. जाताना अकोटला उतरले आणि भाच्यानं पाठवलेला तो फोटो फ्लेक्सच्या दुकानात छापून घेतला, चार फूट लांब आणि वीतभर रुंद पट्टी. दुकानात वाढदिवसांच्या मोठमोठ्या बॅनरांचा ढीग होता, शाईचा उग्र वास होता. छापणाऱ्या मुलानं विचारलं, काय आहे हे? मी म्हटलं, आमचा धुरा. तो वाकून बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, तूर चांगली आहे.

दुपारी आईला ओसरीवर बसवलं. पट्टी तिच्यापुढे सपाट धरली, तेव्हा तिनं पुन्हा तेच पाहिलं, पोट काढलेला धुरा, आणि नजर काढून घेतली. मग एक टोक मी धरलं, एक भाच्यानं, आणि पट्टी हळूहळू वाकवत तिच्या चेहऱ्याभोवती आणली, दोन्ही कानांजवळ टोकं येतील अशी. क्षितिजाची रेघ तिच्या डोळ्यांच्या बरोबरीला येईपर्यंत खालीवर केली. ती आत होती आणि आम्हाला बाहेरून पट्टीची पांढरी पाठच दिसत होती, वर तिच्या केसांचा भांग. आई हळूच डावीकडे वळली, गाविलगडाकडे. मग तिथून हळूहळू उजवीकडे. तिचा श्वास फ्लेक्सवर लागत होता, ते ऐकू येत होतं.

"हाव," ती आतून म्हणाली. "सरय हाय."

भाच्यानं माझ्याकडे पाहिलं, त्याचे हात दुखत होते पण त्यानं टोक सोडलं नाही. आई बराच वेळ आत राहिली. तुरीची फुलं पाहत असावी, किंवा आमच्यातल्या कुणाची तरी ती एकच लांब सावली, जी फोटोत आली आहे आणि नेमकी कुणाची ते सांगता येत नाही. मग तिचा आवाज आला.

"अन् आपलं वावर कुठी हाय याच्यात?"

मी पट्टीकडे पाहिलं. इतके दिवस इतक्या वेळा पाहूनही मला ते दिसलं नव्हतं. पट्टीत गाविलगड होता, धुरा होता, पलीकडच्यांची तूर, त्यांचं मचाण, त्यांच्या विहिरीवरचा पिंपळ होता. आमच्या पऱ्हाटीच्या पुढच्या दोन ओळी तेवढ्या खाली कडेला होत्या. बाकी सगळं फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागे राहिलं होतं.

"मागं राह्यलं, आजी," भाचा म्हणाला.

आईनं पट्टी बाजूला केली, गुंडाळली, दोऱ्यानं बांधली आणि देवघराच्या फळीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा ती भाच्याला घेऊन निघालीही होती. मी मागोमाग गेले. दव होतं, पांदणीतली माती पायाला चिकटत होती. धुऱ्यावर पोचल्यावर तिनं नातवाला दोन्ही खांद्यांना धरून फिरवलं, धुऱ्याला पाठ करून उभं केलं. समोर पांढरी झालेली पऱ्हाटी, निंब, विहीर, त्यामागे गावाचा धूर. पलीकडच्या वावरात कुणीतरी धुऱ्याचं गवत कापत होतं. विळ्याचा आवाज थांबत, पुन्हा सुरू होत आमच्या पाठीशी येत होता. आई वळली नाही. तिनं पदर सारखा केला.

"हां," ती भाच्याला म्हणाली, "आता फिर."